फिलेमोनचं ताट

आमच्या डोंगरात फुटबॉल खेळत नाहीत. त्यामागे काही तत्त्व नाही. चेंडू एकदा उतारावरून सुटला की नदीपर्यंत थांबत नाही, नदी दोन तास खाली आहे आणि तो घेऊन वर यायला चार तास लागतात. म्हणून ओआहाकाच्या उत्तरेकडची सगळी डोंगरी गावं चर्चसमोर सिमेंटचा चौकोन घालतात आणि बास्केटबॉल खेळतात. आमच्या यावेदोला मात्र देवाने, बहुधा नजरचुकीने, दीड एकर सपाट जागा दिली. तिला आम्ही ताट म्हणतो.

ताट फिलेमोन येस्कासचं. त्याच्या आज्यापासून तिथे मका व्हायचा, मक्याच्या अंगावर घेवडा चढायचा आणि दोघांच्या पायाशी भोपळा लोळायचा. मका निघाला की रिकाम्या ताटात गावची पोरं चेंडू खेळायची आणि पेरणी जवळ आली की फिलेमोन त्यांना ढेकळं मारून हाकलायचा. सगळ्यांत जास्त ढेकळं ज्याला बसली ते पोर त्याचंच, अब्दियास. बापाची ढेकळं चुकवता चुकवता तो असा काही वळायला शिकला की पुढे आठ गावांतल्या बचावपटूंना तो डावीकडे गेला की उजवीकडे, हे त्याने गोल केल्यावर कळायचं. गावाने त्याचं नाव ससा ठेवलं.

एकोणिसाव्या वर्षी शहरातल्या दुसऱ्या दर्जाच्या संघाने सशाला नेलं. एकविसाव्या वर्षी त्याने एक गोल केला तो टीव्हीवर दिसला. एकशे चाळीस उंबऱ्यांच्या गावाने तो कचेरीतल्या टीव्हीवर एकत्र पाहिला. मीही होतो, आणि माझ्या शेजारचा म्हातारा रडताना माझ्याच बाहीला नाक पुसत होता. त्याच आठवड्यात गावकीने फिलेमोनला विनंती केली की एक हंगाम ताट पड राहू दे, पोरांना सराव होईल. फिलेमोन आनंदात होता. तो हो म्हणाला. आनंदात असलेल्या माणसाने गावसभेत बोलू नये, हे आमच्याकडे कुणी शिकवत नाही.

पुढच्या वर्षी अठरा मेला ससा गावाकडे येत होता. धुकं होतं. वडाप गाडी वळणावर वळली नाही. तो बावीस वर्षांचा होता.

त्या वर्षी ताट सुतकात पड राहिलं. त्याच्या पुढच्या वर्षी, ऐन पेरणीच्या महिन्यात, सशाच्या नावाने स्पर्धा भरली, आठ गावांचे संघ आले, आणि ताट तिसऱ्यांदा पड राहिलं. फिलेमोन डोंगराच्या कुशीतल्या तिरप्या तुकड्यावर मका काढत होता आणि गप्प होता. मग गेल्या सप्टेंबरात दरड आली आणि तो तिरपा तुकडा, वरच्या घेवड्यासकट, खालच्या गावाच्या हद्दीत गेला. खालच्या गावाने आमच्याकडे तक्रारही केली.

आता घरात तिघं, तो, त्याची बायको तोमासा आणि मुलगी ओदिलिया, आणि पेरायला एकच जमीन, ताट. त्यात गावकीचा नियम असा, की चार पेरण्या चुकल्या की जमीन गावाची. नियम जुना आहे. शहराकडे पळून गेलेल्यांसाठी केला होता. फिलेमोन कुठे पळाला नव्हता. पण नियमात तसं लिहिलेलं नाही. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्या वर्षी गावकीचा चिटणीस मी होतो. शहरात कॉलेज करून परत आलेल्या माणसाला आमच्याकडे ही शिक्षा ठरलेली असते.

ईस्टर झाल्यावर फिलेमोन बैल मागायला सिप्रियानोकडे गेला. दोघांची बावीस वर्षांची सावड. याने त्याचा मका खुडायचा, त्याने याचं शेत नांगरायचं. मागणं ही फक्त रीत होती. सिप्रियानो दारात दोर वळत बसला होता. त्याने कॉफी दिली, पावसाचं बोलणं काढलं, गुडघ्याचं काढलं, आणि मग म्हणाला की बैलांची पोटं बिघडलीत.

"दोघांची?" फिलेमोनने विचारलं.

"एकाच गव्हाणीत खातात ना."

मागे बैल उभे होते आणि शेजारणीच्या कुंपणावरची वेल मुळापासून ओढून खात होते. फिलेमोनने तिकडे पाहिलं. मग सिप्रियानोनेही पाहिलं.

"या दुखण्यात भूक फार लागते," तो म्हणाला.

फिलेमोन कॉफी संपवून उठला. तेव्हा सिप्रियानोने दोर खाली ठेवला आणि खरं ते सांगितलं. "बघ फिलेमोन, बैल तुझेच आहेत. पण पेनल्टीच्या ठिपक्यावरून नांगर जाईल. आणि उद्या माझ्या नातवाला लोक विचारतील, बैल कुणाचे होते रे?"

गावात बैलांच्या आणखी दोन जोड्या होत्या. त्या आठवड्यात त्यांचीही पोटं बिघडली.

मग तिघांनी हाताने खणायला घेतलं. माझं घर ताटाच्या वरच्या अंगाला आहे, खिडकीतून सगळं दिसतं. बघायचं नसलं तरी. सूर्य डोंगरावर यायच्या आधी तिघं यायची. फिलेमोनकडे कुदळ, तोमासाकडे खोरं, ओदिलिया मागून ढेकळं फोडायला. त्यांनी पूर्वेचा कोपरा धरला, कारण तिथे सगळ्यांत कमी वावर, असा त्यांचा समज होता. तीन वर्षांच्या बुटांनी ताट चुलीच्या बुडासारखं भाजून निघालं होतं. कुदळ पडली की आत न जाता परत यायची. फिलेमोन अठ्ठावन्न वर्षांचा. दर दहा घावांनी तो कुदळीवर कपाळ टेकून उभा राहायचा आणि त्याच्या पाठीचा घाम सदऱ्यावर मिठाची रेघ काढून वाळायचा. दुसऱ्या दिवशी तोमासाच्या तळहाताचे फोड फुटले. तिने त्यावर राख लावली, चिंधी बांधली आणि खोऱ्याच्या दांड्यावर हात असा धरला की बोटांनी काम करावं, तळव्याला कळू नये.

तिसऱ्या दिवशी लोक बघायला आले.

त्यांनी अडवलं नाही. आमचं गाव सभ्य आहे. स्पर्धेसाठी गावकामातून दगडी पायऱ्या बांधल्या होत्या, त्यांवर येऊन बसले. कुणी भाजलेले भुईमूग आणले. मग एकजण सौम्यपणे म्हणाला, "काका, तिथे नको. त्या कोपऱ्यातूनच त्याने यालागच्या सामन्यात चेंडू वळवून थेट जाळीत टाकला होता."

फिलेमोन दहा पावलं सरकला.

तिथे सशाने एकदा तिघांना चकवलं होतं. आणखी सरकला, तर तिथे त्याचा घोटा मुरगळला होता आणि तसाच तो अर्धा तास खेळला होता. पायऱ्यांवर चर्चा सुरू झाली. डावा घोटा की उजवा, ऊन होतं की पावसाची भुरभुर होती. फिलेमोन कुदळ खांद्यावर घेऊन मधोमध उभा राहिला. स्वतःच्या शेतात वाट चुकलेला माणूस मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

तोमासाने खोरं टेकवलं. "वर्षाचा होता तेव्हा मका खुडताना मी त्याला या दगडापाशी सोडायची," ती पायऱ्यांकडे न बघता म्हणाली. "इथे तो रोज हागायचा. इथे खणलं तर चालेल का, विचारा त्यांना."

 पायऱ्यांवरचा एक म्हातारा टोपी काढून म्हणाला की असं असेल तर त्या दगडालाही खूण करायला हवी.

ओदिलिया हसली. ती वीस वर्षांची, आणि हसण्याचे प्रसंग ती वाया जाऊ देत नाही. दोन महिन्यांपूर्वी वरच्या गावचा एक मुलगा तिला मागणी घालायला आला होता, बरोबर कोंबडा, पाव, चॉकलेट, सगळं रीतीप्रमाणे. तासभर सशाविषयी बोलला. जाताना दारात थांबला आणि कान लाल करून विचारलं, सशाचा एखादा मोजा मिळेल का. ओदिलियाने बापाचा दिला. मुलगा परत आला नाही. मोजा त्याच्या गावात चौकटीत लावला आहे म्हणतात.

हे मी हसून लिहितो आहे खरा. माझ्याकडेही काडेपेटीत पेनल्टीच्या ठिपक्याची चिमूटभर माती आहे.

सहा दिवसांत पूर्वेच्या कोपऱ्यात दोन चटयांएवढी जमीन उकरली गेली. शनिवारी आरिस्तेओ आला. आरिस्तेओ गावचा पाववाला. ससा तान्हा असताना बाप्तिस्म्याच्या पाण्यावर त्याला यानेच धरलं होतं, म्हणून तो आणि फिलेमोन एकमेकांचे कोम्पाद्रे. आमच्याकडे हे नातं भावापेक्षा कडक. कोम्पाद्रेला तोंडावर नाही म्हणायचं नाही, आणि तो बसल्याशिवाय बसायचं नाही. सशाचा पहिला चेंडू आरिस्तेओने आणला, पहिली शिट्टी त्याने वाजवली, आणि सशाच्या आठवणीसाठी जे काही होतं ते त्याच्या भट्टीसमोरच्या बाकावर ठरतं. तो लबाड नाही. लबाड असता तर सोपं झालं असतं.

त्याने टोपलीभर पाव आणला होता, अंड्याचा, वर तीळ लावलेला. तोमासाकडे कॉफीशिवाय काही नव्हतं. मका संपत आला होता. त्या आठवड्यात ती दुपारी दुसऱ्यांच्या घरी कणसं सोलायला जात होती आणि दहा मापांमागे एक माप मका पदरात घेऊन येत होती. हे गावाला माहीत होतं, आणि ज्यांच्याकडे ती जायची ते तिला सशाची आई म्हणून आधी खुर्ची द्यायचे, मग कणसांचं पोतं.

आरिस्तेओ बसला. मग फिलेमोन बसला. आरिस्तेओने सांगितलं की उद्या सभा आहे आणि ताटाचा विषय आहे. कुणाच्या मनात वाईट नाही. पण पोरगं शेवटचं निघालं ते याच मैदानासाठी. गावच्या जत्रेचा सामना खेळायला येत होतं. गाडीत तेच बोलत असेल.

"पेरणीला येत होता," तोमासा चुलीपासून म्हणाली.

आरिस्तेओ मायेने हसला. "कोमाद्रे, मैदानावर खेळून मग पेरणीही केली असती. गुणाचा होता."

"फोनवर म्हणाला, बाबांना सांग, यंदा ताटाला नांगर लावा. मी येतो. पोरांचं खेळणं बास झालं."

आरिस्तेओने पावाचा तुकडा मोडला आणि कॉफीत बुडवला. त्याचे डोळे भरून आले होते. "आईला असं आठवतं," तो फिलेमोनला म्हणाला. "माझ्या आईचंही तसंच व्हायचं."

फिलेमोन कोम्पाद्रेच्या तोंडावर काही बोलू शकत नव्हता.  आरिस्तेओ गेल्यावर मात्र त्याने माळ्यावर हात घातला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली वस्तू काढली.

दरीतून सशाची पिशवी वर आली तेव्हा तिच्यात तीन वस्तू होत्या. बूट, जर्सी आणि नांगराचा लोखंडी फाळ. नवा, तेल लावलेला. बूट आणि जर्सी गावाने कचेरीत काचेच्या कपाटात ठेवली. फाळाबद्दल कुणी विचारलं नाही. तो घरी आला. ताट नांगरलं गेलं नाही म्हणून फिलेमोनने तो लाकडाला बसवला नव्हता. जुनाच झिजवत होता. सामना खेळायला निघालेला माणूस फाळ घेऊन निघत नाही. हे साधं होतं. उद्या सभेत तो टेबलावर ठेवायचा आणि एवढंच बोलायचं, असं नवराबायकोचं ठरलं. तोमासाने त्याच्याकडून ते वाक्य चार वेळा म्हणवून घेतलं.

सभा चर्चनंतर भरली, कचेरीच्या लांब खोलीत. पुरुष बाकांवर, बायका मागे भिंतीला टेकून. फिलेमोनने धुतलेला सदरा घातला होता. त्याचे हात कुदळीने असे आखडले होते की टोपी काढायला त्याला दोन्ही हात लागले. तो पुढे आला, वर्तमानपत्र उलगडलं आणि फाळ माझ्या वहीशेजारी ठेवला.

"हे त्याच्या पिशवीत होतं," तो म्हणाला. "तो पेरायला येत होता. मला पेरू द्या."

चार वेळा पाठ केलेलं वाक्य त्याने नीट म्हटलं.  बाहेर कोंबडी ओरडली. मी मान खाली घालून वहीत तारीख परत लिहिली. पहिल्या बाकावरचा सिप्रियानो फाळाकडे पाहत होता. मग त्याने तोंड फिरवलं आणि बाहीत लपवलं. मला वाटलं, झालं.

आरिस्तेओ उठला. फाळापाशी आला आणि त्याला बोट लावलं. 

"शेवटची वस्तू," तो म्हणाला. "त्याच्या हातची शेवटची वस्तू, आणि आपण दोन वर्षं ती माळ्यावर राहू दिली."

खोलीत हुंदके सुरू झाले. मागे भिंतीला बायका रडत होत्या, तोमासा सोडून. अध्यक्षांनी तिथल्या तिथे ठराव मांडला की फाळ बुटांच्या शेजारी, काचेच्या कपाटात ठेवण्यात यावा. हात वर झाले. मी ते लिहून घेतलं. कपाटाची किल्ली माझ्याकडेच होती. मीच उठलो आणि ठेवला. काच बंद करताना फिलेमोनचं प्रतिबिंब तिच्यात दिसलं. तो अजून टेबलापाशी तसाच उभा होता, रिकामं वर्तमानपत्र हातात धरून.

मग ताटाचा विषय झाला. सभा हळवी झाली होती, म्हणून तिने उदार व्हायचं ठरवलं. चार पेरण्यांचा नियम लावू नये. सशाच्या बापाची जमीन कोण घेईल? जमीन फिलेमोनच्या नावावर राहील. त्या बदल्यात सशाच्या मैदानाची राखण हा गावकीचा नवा मान निर्माण करावा, आणि पहिला मान, अर्थातच, फिलेमोन येस्कासला द्यावा. गवत कापणं, चुन्याच्या रेघा मारणं, पाहुण्या संघांना पाणी देणं. एक वर्ष, रीतीप्रमाणे बिनमोबदला.

गावकीचा मान नाकारता येत नाही, हे इथल्या पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. नाकारला तर जमीन जाते, झऱ्याचं पाणी जातं, आणि मेल्यावर पुरायला जागा मागताना बायकोला तोंड उरत नाही. फिलेमोनने टोपी घातली. ती परत काढली. "मान घेतो," तो म्हणाला. टाळ्या फार वाजल्या.

या मानाविषयी आणखी एक गोष्ट सांगायला हवी, जी त्या दिवशी कुणाच्याच लक्षात आली नाही, माझ्याही. ज्याचा मान त्याचा शब्द. वर्षभर त्या कामात त्याला कुणी हटकत नाही. एके वर्षी घंटेचा मान असलेल्या माणसाचं घड्याळ पुढे होतं. तो बाराची घंटा अकराला द्यायचा. सगळं गाव वर्षभर अकराला जेवलं. पुढच्या वर्षी बाराला जेवायची सवय लागायला वेळ लागला.

सोमवारी चुन्याचं पोतं फिलेमोनच्या दारात आलं. आमच्याकडे मका चुन्याच्या पाण्यात उकळल्याशिवाय दळत नाहीत. रोज संध्याकाळी प्रत्येक घरात मूठभर चुना लागतो. तोमासाने पोत्याचं तोंड सोडून आत पाहिलं.

"चुना आला," ती म्हणाली. "आता मका तेवढा राहिला."

तो आठवडा फिलेमोन सिप्रियानोकडे मक्याच्या बोलीवर कामाला गेला. बैलांची पोटं बरी झाली होती. बावीस वर्षं सावड केलेल्या माणसाच्या शेतात तो त्याच बैलांमागे चालला आणि दिवस संपल्यावर पदर पसरावा तसं पोतं पसरून उभा राहिला. सिप्रियानोने माप घातलं, आणखी अर्धं घातलं, आणि नजर वर केली नाही. घरी येऊन फिलेमोन ताटात जायचा आणि कोयत्याने गवत कापायचा. वाकून, एका हातात आकडी काठी, दुसऱ्या हातात कोयता. आपल्या जमिनीवर गवत नीट वाढावं म्हणून राबणारा शेतकरी डोंगरात हा एकच.

चौथ्या दिवशी ओदिलिया त्याच्यासाठी पेज घेऊन गेली. खाताना तो पूर्वेच्या कोपऱ्यातल्या उकरलेल्या मातीकडे बघत होता. बापलेक काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. ती हाताने काहीतरी दाखवत होती, बांधाच्या कडेने, चारही बाजूंनी. मग तिने हात झटकले आणि रिकामं भांडं घेऊन घरी गेली.

दुसऱ्या दिवशी फिलेमोन कचेरीत आला. टोपी काढून त्याने मला सांगितलं की मैदानाच्या मानकऱ्याच्या नात्याने त्याचं एक म्हणणं आहे. पाऊस तोंडावर आला, ताटात पाणी साचतं, अठरा मेला चिखलात सामने होणार. मैदानाभोवती चर हवेत. बाहेरून खडक लागतो, म्हणजे आतून. चारी बाजूंनी चार पावलं रुंद. एकट्याने होणार नाही. गावकाम लावा.

मी त्याच्याकडे पाहिलं. तो भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता.

"चार पावलं रुंद चर?" मी विचारलं.

"पाणी फार येतं," तो म्हणाला.

मी गावकाम लिहिलं.

शनिवारी घंटा झाली आणि एकशे चाळीस घरांतून एकेक माणूस आला. सिप्रियानो बैल घेऊन आला; सशाच्या मैदानाच्या कामाला नांगर चालतो, त्याने कुणाच्या नातवाला बट्टा लागत नाही. आरिस्तेओने पाव वाटला. तीन माणसांनी सहा दिवसांत दोन चटया उकरल्या होत्या; एकशे चाळीस माणसांनी दुपारपर्यंत ताटाच्या चारी कडा चार पावलं आतपर्यंत खणून, नांगरून, ढेकळं फोडून भुसभुशीत केल्या. लोकांच्या हाताला वळण तेच. चर खणायला सांगितलं तरी माती मोकळी झाल्यावर कुणीतरी सवयीने सरी धरली. फिलेमोन मागून फिरत होता आणि जास्त खोल जाणाऱ्याला फक्त म्हणत होता, "बास. एवढंच खोल."

संध्याकाळी उजेड असतानाच तोमासा आणि ओदिलिया आल्या. हातात रोवणीच्या टोकदार काठ्या, गळ्यात बियांच्या झोळ्या. पाऊलभर अंतर, भोक, चार दाणे मक्याचे, एक घेवड्याचा, टाचेने माती. मध्येच एक भोपळ्याची बी. बियाणं दरडीच्या आधी वेगळं काढलेलं, उपासाच्या दिवसांतही तोमासाने ज्याला हात लावला नव्हता ते. रविवारी सरावाला पोरं आली तेव्हा चुन्याच्या रेघा चार पावलं आत सरकल्या होत्या. कुणी काही म्हटलं नाही. ज्याचा मान त्याचा शब्द.

पुढच्या आठवड्यात पाऊस एकदा भुरभुरून गेला आणि कोंब आले. पायऱ्यांवर बसणाऱ्यांनी विचारलं की हे काय. ओदिलियाने सांगितलं, कुंपण. डुकरं आत येतात. आमच्याकडे मक्याला डुकरं येतात हे सगळ्यांना माहीत आहे, पण ससा हा विषय असला की माणसं फार खोलात जात नाहीत.

अठरा मेला आठ गावांचे संघ आले. घोषणा झाल्या, फटाके वाजले, ब्रास बँडने सशाच्या आवडीची म्हणून जी धून वाजवली ती बँडला येणारी एकमेव होती. फिलेमोन पाण्याच्या बादल्या भरत होता, रेघा पुसल्या की परत मारत होता. आपल्याच मुलाच्या वर्षश्राद्धाला तो दिवसभर वाकलेलाच होता. तोमासा पायऱ्यांवर मानाच्या जागी, तिला दिलेल्या खुर्चीत बसली होती आणि मका मोजत होती. ओठ हलताना दिसत होते. सगळा धरून हाती आला तर पाच महिन्यांचा, नाहीतर तीन. गोल मात्र त्या वर्षी फार झाले. सशाचा आत्मा खेळवतोय, असं सगळ्यांचं मत पडलं.

शेवटचा सामना संपल्यावर आरिस्तेओ एकटाच मैदानात आला. त्याने एका गोलापासून दुसऱ्या गोलाकडे मोजून पावलं टाकायला सुरुवात केली. ही पावलं त्याने तीस वर्षं टाकली होती. अर्ध्यावर थांबला, मागे गेला, परत मोजली. फिलेमोन कोपऱ्यात निशाण काढत होता, रेघेसाठी घेतलेला चुना अजून एका मुठीत. मी चिटणीस म्हणून बक्षिसांचं टेबल आवरत होतो, आणि माझा हात थांबला. चिटणीसाने लिहिलेला चर आणि मानकऱ्याने केलेलं शेत, दोन्ही आरिस्तेओच्या पुढ्यात हिरवेगार उभे होते, वीतभर उंच. त्याने पुढच्या सभेत तोंड उघडलं की जमीन, पाणी, पुरायची जागा, सगळं एका ठरावात जाणार होतं.

तो कोपऱ्यात आला. रेघ ओलांडून, मऊ मातीत.

"कोम्पाद्रे," तो म्हणाला, "हे लहान झालंय."

फिलेमोनने निशाणाची काठी उपटली. कोम्पाद्रेशी खोटं बोलायचं नसतं.

"हो," तो म्हणाला. "तो गेल्यापासून मलाही लहानच वाटतं."

 आरिस्तेओचा चेहरा पिळवटला आणि त्याने फिलेमोनला दोन्ही हातांनी छातीशी धरलं. रडता रडता तो सांगत होता की या कामाला दुसरा माणूस नाही, एका वर्षाचा मान कसला, पुढच्या सभेत मी स्वतः मांडतो, हा मान आता जन्मभर तुझाच. फिलेमोन मिठीत ताठ उभा होता, बगलेत काठी, आणि आरिस्तेओच्या खांद्यावरून खाली बघत होता.

आरिस्तेओची टाच मक्याच्या एका रोपावर होती.

फिलेमोनने त्याला रडू दिलं. कोम्पाद्रेला बाजूला हो म्हणत नाहीत. पुष्कळ वेळाने आरिस्तेओ डोळे पुसत गेला. तेव्हा फिलेमोन गुडघ्यावर बसला, चेपलेलं रोप दोन बोटांनी उभं केलं आणि पडू नये म्हणून मुठीतला चुना खाली टाकून त्या हाताने बुंध्याशी माती दाबली.